तीनशे थैल्यांवरची सही

बाबांची सही मला कधीच आवडायची नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. पहिल्या अक्षराला ही एवढी मोठी गोलाई, त्यावरून लांबलचक रेघ आणि रेघेच्या शेवटी एक शेपूट. पण रेघ आणि शेपूट एकमेकांना लागायची नाहीत. मध्ये फट. तरुणपणी बाबा कापसाच्या जिनात कामाला होते, तेव्हा उजव्या हाताचं बोट मशीनमध्ये सापडलं आणि वाकडंच बसलं. सही करताना ते बोट नेमकं तिथं येऊन अडायचं, पेन उचललं जायचं आणि मग पुढं शेपूट काढायचे. चौथी शिकलेल्या माणसाची सही ती. मला तिची लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

समुद्रपुरात आमचं गुराढोरांच्या ढेपीचं आणि सरकीचं दुकान. दुकान बाजाराच्या रस्त्यावर आणि गोदाम चार गल्ल्या पलीकडे. गिऱ्हाईक दुकानात आलं की बाबा हाताला लागेल त्या कागदावर चिठ्ठी करून द्यायचे. कधी कॅलेंडरचं पान, कधी बिडीच्या बंडलाचा कागद. ढेप पाहिजे असली तर एक गोल, सरकी असली तर एक टिंब आणि जितके पोते तितक्या उभ्या रेघा. कारण गोदाम सांभाळणाऱ्या काकांना, आमच्या जुन्या गड्याला, अक्षर येत नव्हतं. खाली फक्त सही. काका चिठ्ठी उजेडात धरायचे, सही पाहायचे, रेघा मोजायचे आणि माल काढून द्यायचे. गावचा पाटील आला तरी चिठ्ठी, आमच्या घरचं कोणी आलं तरी चिठ्ठी. हा बाबांचा कायदा होता आणि त्यात सवलत म्हणून नव्हती.

नव्वदीतली गोष्ट. मी कॉलेजात दोनदा नापास होऊन दुकानात येऊन बसलो होतो. चित्रकलेच्या परीक्षांमध्ये तेवढा पहिला यायचो, बाकी सगळा आनंद. समोरच्या दुकानवाल्यानं त्या वर्षी देवाच्या फोटोचं कॅलेंडर छापून वाटलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. त्याचं कॅलेंडर घराघरात, आणि आमच्या दुकानाला धड पाटी नाही! बाबांना म्हटलं तर ते म्हणाले, "लोकायले ढेप पाहिजे का फोटो?" मी तरी सोडतो का. पंधरा दिवस डोकं खाल्लं, तेव्हा "कर बाप्पा तुले काय करायचं ते" असं म्हणून त्यांनी हात जोडले.

वर्ध्याला नालवाडीत एक स्क्रीन प्रिंटिंगवाला होता. लग्नाच्या पत्रिका, मंडळाचे बॅनर, असलं काम. मी त्याला सांगितलं, आमच्या दुकानाचं नाव छापून पाहिजे, भारी अक्षरात. तो माणूस मोठा हुशार. शाईचे हात पुसत म्हणाला, "लोकं नाव वाचत नाई भाऊ. नावाचा आकार वळखते. साबनाची वडी पाहा न, पोट्ट्याले वाचता नाई येत तरी तो बरोबर थेच वडी उचलते. तुह्या दुकानाचं असं काय हाय, जे न वाचता वळखू येते?"

मी एस.टी.त बसून सगळा रस्ता विचार केला. हिंगणघाट येईस्तोवर उत्तर सापडलं होतं. न वाचता ओळखू येणारी आमच्याकडे एकच गोष्ट होती. बाबांची सही. काका रोज तीच पाहून माल देत होते.

मग मी कामाला लागलो. गोदामात तारेला ओवून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्यांमधून ऐंशीएक चिठ्ठ्या काढल्या. दुपारच्या उन्हात खिडकीच्या काचेवर एकेक चिकटवायची, वर ट्रेसिंग पेपर आणि पेन्सिलनं सही उतरवायची. एकीसारखी दुसरी नव्हती, पण फट सगळीकडे. मी गोलाई परकारानं नीट केली, थरथरलेली रेघ पट्टीवर सरळ करून तिला थोडा उतार दिला, शेपटाला बाक दिला. आणि ती फट बुजवून टाकली. रेघ सुळकन शेपटात गेली. काय देखणी दिसायला लागली सही! मी वहीभर तीच काढत सुटलो. माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "बापाच्या नावाचा जप करून राह्यला का रे?"

नालवाडीवाल्यानं मूळ चिठ्ठी आणि माझं चित्र शेजारी ठेवलं. "इथं फट हाय न याच्यात?"

"थे चूक हाय," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माझंच चित्र कामाला घेतलं. गिऱ्हाईकाचं ऐकायचं हा त्याचा धंदा.

कोऱ्या मांजरपाटाच्या तीनशे थैल्या शिवून घेतल्या आणि त्यावर हिरव्या रंगात वीतभर लांब सही छापली. दीडशे बॉलपेनांवर छापली, पण ती मुंगीएवढी. मेटाडोरवाल्यांसाठी किल्ल्या अडकवायचे थोडे बिल्ले. गठ्ठा एस.टी.च्या टपावरून उतरवला तेव्हा मला वाटलं, आता समुद्रपूर माझ्या खिशात.

बाबांनी थैली हातात घेतली, दूर धरली, जवळ धरली. वाकडं बोट त्या रेघेवरून फिरवत नेलं. फट होती त्या जागी थांबले आणि हसले. "माह्यं बोट बरं झालं वाटते."

बस, एवढंच. मला त्यात कौतुकच ऐकू आलं. त्याच भरात मी एक थैली घेऊन गोदामावर गेलो आणि काकांच्या खुंटीला टांगली. काकांनी सही पाहिली आणि ते बुचकळ्यात पडले. "छोटे मालक, हे त मालकाची नाई वाटत."

"त्यायचीच हाय काका. सुधारली. आता अशीच राहीन," मी म्हटलं.

मस्करीत म्हटलं. तोंडाला येईल ते बोलायची सवय मला, आजही आहे. काकांनी मान हलवली आणि मी शीळ घालत निघून आलो.

दिवाळीत थैल्या वाटल्या. लोकांनी हौसेनं नेल्या. भाऊबीजेला ताई आली, रोहण्याहून, सोबत भाऊजी. भाऊजींच्या दारात सहा म्हशी होत्या, दुधाचा धंदा जोरात होता आणि माणूस तसा वाईट नव्हता, पण जवाईपणा नाकावर. निघायच्या दिवशी ते दुकानात आले, चार गिऱ्हाईकं बसलेली, आणि म्हणाले, "मामाजी, दहा पोते ढेप टाकून द्या गाडीत. तुमच्या काकाले सांगून ठेवतो."

बाबा कागद शोधायला लागले. "थांबा, चिठ्ठी देतो."

"मले चिठ्ठी?" भाऊजी हसले, पण ते हसणं नव्हतं.

"घरच्याले बी चिठ्ठीच लागते जवाईबापू. सोय पडते."

चारही गिऱ्हाईकं पाहत होती. आमच्याकडे जवायाला पाण्याचा पेला देतानाही दोन हात लागतात, आणि इथं त्याला ढेपीसाठी रांगेतल्या माणसासारखी चिठ्ठी. भाऊजी म्हणाले, "राहू द्या मंग," आणि उतरून गेले. ढेप नेली नाही. जेवलेही नाहीत. मायनं ताईला फराळ बांधून दिला आमच्याच थैलीत. वजनानं बंद तुटू नये म्हणून तिनं घाईघाईनं लाल दोऱ्यानं दोन्ही बंदांना दुहेरी टाके मारले. ताई गाडीत बसताना रडत होती. पण माहेराहून निघताना ती नेहमीच रडायची, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट. दिवे लागायच्या वेळेला काका रोजच्यासारखे दिवसभराच्या चिठ्ठ्या घेऊन दुकानात आले. बाबा एकेक चिठ्ठी पाहत आणि बाजूला ठेवत. त्यांना दिवसभरातली प्रत्येक चिठ्ठी आठवायची, वही लागायची नाही. एका चिठ्ठीवर ते थांबले. गोल, त्यापुढे दहा रेघा, खाली सही.

"हे म्या नाई देल्ली," बाबा म्हणाले.

"एक मेटाडोरवाला घेऊन आलता मालक, दुपारी. अनवळखी होता. सही होती म्हनून देल्ले पोते."

बाबांनी चिठ्ठी बल्बखाली धरली. मी उठून मागे जाऊन पाहिलं. सही सुरेख होती. गोलाई परकारानं काढल्यासारखी, शेपटाला बाक. आणि फट नव्हती.

बाबांनी ती चिठ्ठी माझ्याकडे केली. "हे माह्यी सही नाई. हे तुह्यी सही हाय."

"मी नाई केली बाबा."

"मंग कोनं केली? अशी सही करनारा या गावात दुसरा कोन हाय?"

मी काकांकडे पाहिलं, की काका तरी काही बोलतील. त्यांना तर स्वतःची पडली होती; तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून चुकीचा माल गेला होता. ते म्हणाले, "मालक, मले छोट्या मालकानंच सांगतलं होतं. म्हने सही सुधारली, आता अशीच राहीन."

"सांगतलं होतं?" बाबांनी मला विचारलं.

"हव," म्हटलं. "पन मस्करी होती थे."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन मुस्काटात दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, कोपरीच्या खिशात ठेवली आणि चपला घालून घरी निघाले. दुकान बंद करायलाही मला सांगितलं नाही, काकांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी बंद. गिऱ्हाईक आलं की बाबा स्वतः उठायचे आणि त्याच्यासोबत चार गल्ल्या चालत गोदामावर जायचे, माल काढून द्यायचे, परत यायचे. की दुसरं गिऱ्हाईक. गुडघे दुखायचे त्यांचे. दिवसाला दहा-पंधरा फेऱ्या. मी म्हटलं, "मी जातो न," तर म्हणाले, "बस तू." त्या दोन शब्दांचा अर्थ मला बरोबर कळत होता. मी दुकानात बसायला त्यांची हरकत नव्हती, गोदामावर जायला होती. गावात कुजबुज सुरू झालीच. ज्या माणसाची सही डोळे झाकून चालत होती, तो आता पोत्यामागं पोतं पायी पोचवून राह्यला, लोक काय आंधळे आहेत?

तिसऱ्या दिवशी माय माझ्यासमोर ताट ठेवता ठेवता थांबली. "खरं सांग. तू केलं काय? पैशापायी केलं असन त सांगून टाक, मी सांगीन त्यायले समजावून."

मायनं विचारलं तेव्हा मला रडू आलं. एकवीस वर्षांचा घोडा मी, भाताच्या ताटावर रडत बसलो. बाबांनी चोर समजलं ते मी कसंतरी पचवत होतो. पण जिनं वहीभर सह्या काढताना मला रोज पाहिलं होतं, तीच ती वही आठवून मला विचारत होती. माझीच वही माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "ज्यानं कोनं केली, थ्यानं थैली पाहून केली. सगळ्या थैल्या वापस आन."

"तीनशे?"

"जितल्या वाटल्या तितल्या."

मग मी निघालो. सायकलच्या मागे साध्या थैल्यांचा गठ्ठा, बदल्यात द्यायला, आणि निघालो दारोदार. दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. एका घरी पोरीचं शाळेचं दप्तर झालं होतं त्या थैलीचं. तिनं पुस्तकं जमिनीवर ओतली आणि थैली माझ्या अंगावर फेकली. एका म्हातारबुवानं उलटी करून उन्हाची टोपी केली होती, त्यांनी डोक्यावरून काढून दिली आणि विचारलं, "काऊन गा, दुकान बंद करून राह्यले का?" एका मास्तरणीनं दारातच ऐकवलं, "देल्लेलं वापस मांगाले लाज नाई वाटत?" वाटत होती ना! पण मी प्रत्येक थैली हातात आली की आधी सही पाहायचो, उलटसुलट, उजेडात. कुठं खूण सापडते का. बाबांना फक्त थैल्या परत पाहिजे होत्या. मला माणूस पाहिजे होता. पंधरा दिवस झाले, दोनशे सत्तर थैल्या जमल्या, बाकीच्या फाटल्या-हरवल्या होत्या, आणि जमलेल्या सगळ्या स्वच्छ.

शेवटी रोहणा राहिलं. बहिणीच्या घरची थैली काय आणायची, असं मला वाटत होतं, पण बाबांनी "जितल्या वाटल्या तितल्या" म्हटलं होतं, आणि माझ्यावर आता एक थैली लपवल्याचाही आळ नको होता. वर्ध्याला गाडी बदलून रोहण्याला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. भाऊजी दूध घालायला गेले होते. गोठ्याच्या बाजूला ढेपीचे रिकामे पोते घडी करून ठेवलेले दिसले. ढेपीचे पोते सगळीकडे सारखेच असतात, म्हणून मी पुढं गेलो.

ताईनं चहा टाकला. मी थैलीचं नाव काढलं, तर तिनं कशासाठी म्हणून विचारलं नाही. पंधरा दिवसांत तसं न विचारणारी ती पहिलीच. आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला आणि ती थैली घेऊन बाहेर आली. चौकोनी घडी केलेली, छापलेली बाजू आत. बंदांना मायचा लाल दोरा.

मी घडी उघडली. हिरव्या रेघेवरून निळं बॉलपेन फिरलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा. गोलाईवरून, रेघेवरून आणि सुळकन शेपटावर. शाई पसरून कापडात आकाशी डाग पडला होता.

"धुतली म्या," ताई म्हणाली. "तीनदा धुतली. निघत नाई."

माझ्या कानशिलात आग झाली. त्या क्षणी भाऊजी समोर असते तर मी जवाई-बिवाई काही पाहिलं नसतं. वर आणखी राग कशाचा, तर इथून समुद्रपूर किती लांब. ढेपीपेक्षा मेटाडोरचं भाडं जड पडलं असणार. ढेप पाहिजेच नव्हती त्या माणसाला. त्याला चिठ्ठी पाहिजे होती. घ्या, चिठ्ठी आणली तुमची!

"त्यायले वाटलं नव्हतं इतलं होईन," ताई म्हणाली. "दोन दिवसात सांगतो म्हनत होते हासत हासत. मंग हिंमत नाई झाली." तिनं पदरानं चहाची बशी पुसली, ती कोरडीच होती. "घरी कोनावर आलं रे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती चार महिन्यांची पोटुशी होती. मायनं मला निघताना सांगितलंच होतं, तिच्यासमोर काही वाईट बोलू नको म्हणून.

"कोनावर नाई," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला आणि सोडला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

परतीच्या गाडीत ती थैली माझ्या मांडीवर होती आणि मी तिच्याकडे पाहतही नव्हतो. एक थैली दाखवली की मी सुटत होतो. बाबांच्या समोर टाकायची आणि म्हणायचं, घ्या, पाहा तुमच्या जवायाचे हात. मग बाबा काय करतील ते मला माहीत होतं. त्या माणसासाठी आमचा उंबरा बंद झाला असता आणि त्याच्यासोबत ताईचाही. तिचं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. आणि नाही दाखवली, तर मी जन्मभर चोर. पुलावरून गाडी जाताना खिडकीतून फेकून द्यावी असंही मनात आलं. ताईवर राग आला, भाऊजींवर आला, मायवर आला, सगळ्यात जास्त त्या फट बुजवणाऱ्या माझ्या हातावर आला. घरी पोचेपर्यंत काही ठरलं नाही. मी भित्रा निघालो. थैली मी जमलेल्या ढिगाच्या मधोमध सारून दिली. दाखवली नाही आणि लपवलीही नाही.

सकाळी थंडी होती. अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. बाबांनी ढीग बाहेर आणायला लावला आणि चुलीजवळ बसून एकेक थैली पाहून बाजूला ठेवायला लागले. मायला त्यांच्या गोदड्या शिवायच्या होत्या. मी विहिरीच्या कठड्याशी दात घासत उभा होतो आणि माझं तोंड कडू झालं होतं. शंभर झाल्या. दीडशे झाल्या. मग त्यांचा हात थांबला.

त्यांनी थैली गुडघ्यावर पसरली. वाकडं बोट निळ्या शाईवरून हळूहळू गेलं. मग बंदापाशी गेलं आणि लाल दोऱ्याच्या टाक्यांवर थांबलं. तो दोरा आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. मायच्या शिलाईच्या डब्यात दुसरा रंगच नसायचा.

"हे कोठची?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ध्यानात नाई," मी म्हटलं.

"ध्यानात नाई?"

"इतल्या घरी गेलो बाबा. नाई ध्यानात."

आतून मायचा आवाज आला, "कोनाची हाय हो?" तसे बाबांनी थैलीची गुंडाळी केली आणि चुलीत सारली. मांजरपाट आधी धुमसलं, मग पेटलं. लाल दोरा शेवटी जळाला. बाकीच्या थैल्यांना त्यांनी हात लावला नाही. "पानी तापलं. जा आंघोय करून घे," ते मला म्हणाले आणि उठून दुकानात गेले.

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. आज बोलतील, उद्या बोलतील. नाही. त्यांनी चिठ्ठी पुन्हा सुरू केली, एवढंच. गोदामावर जाऊन पोत्यावर बसून त्यांनी काकांसमोर पाच वेळा सही केली आणि दाखवलं, "हे पाहा. इथं फट पाहिजे. फट नसन त माल नाई." काकांनी खुंटीवरची थैली स्वतःच काढून माझ्या हातात दिली. पण बाबा चिठ्ठीच्या कागदाला मला अजूनही हात लावू देत नव्हते. मी ढेप मोजायचो, दुकान झाडायचो. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला की मुलीच्या संसारासाठी माझ्यावरचा आळ तसाच राहू दिला, हे मला कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. उन्हाळा गेला, ताईला मुलगी झाली आमच्याच घरी, पाऊस गेला. मायनं शिवलेल्या गोदड्यांमध्ये हिरवी सही आतल्या बाजूला गेली होती. मी त्याच पांघरत होतो आणि मला झोप येत नव्हती.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला ताई, कडेवर पोरगी आणि भाऊजी. भाऊजी घरात शिरल्यापासून अंग चोरून बसलेले. वर्षभर काही ना काही कारण काढून ते आमच्याकडे आलेच नव्हते. निघायच्या दिवशी बाबांनी त्यांना स्वतः दुकानात नेलं. गादीवर बसवलं, चहा मागवला. समोर तीन-चार गिऱ्हाईकं होती, मागच्या वर्षीसारखीच.

"जवाईबापू, मागच्या दिवायीले तुमची ढेप राहून गेली," बाबा म्हणाले. "दहा पोते न?"

भाऊजींचा हात कपावरच थांबला. "राहू द्या मामाजी. नको."

"असं कसं." बाबांनी फळीवरून कागद ओढला, पेन काढलं आणि दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "लिही. ढेप. दहा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांनी त्यांनी माझ्या हातात चिठ्ठीचा कागद दिला होता. मी गोल काढला. दहा रेघा ओढल्या आणि कागद सहीसाठी त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला.

"सही बी तूच कर. माह्यी कर."

पहिली गोलाई वाकडीच आली. तशीच राहू दिली. रेघ ओढली. फटीपाशी आलो तेव्हा बाबा पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "सोडजो थे."

मी पेन उचललं, फट सोडली आणि पुढं शेपूट काढलं.

बाबांनी चिठ्ठी घेतली आणि दोन्ही हातांनी भाऊजींच्या हातात दिली. "घेऊन जा गोदामावर. काही चिंता नाई. ह्या पोट्ट्याच्या हातची सही चालते आपल्या इथं."

भाऊजींनी मान खाली घातली. त्यांनी चिठ्ठी घेतली, घडी करायला गेले आणि तशीच हातात धरून उठले. मीही त्यांच्यासोबत निघालो. चार गल्ल्या आम्ही सोबत चाललो. गोदामाच्या दारात काकांनी चिठ्ठी उजेडात धरली, डोळे बारीक करून फट पाहिली, रेघा मोजल्या आणि दहा पोते काढून दिले.